वारिसरा कोण?

१ एप्रिल, सोमवार

ही वही आजपासून सुरू करते आहे. हौस म्हणून नाही. उद्या कुणी कानावर हात ठेवले तर आपल्याजवळ काहीतरी लिहिलेलं असावं, एवढ्यासाठी.

आज विभागप्रमुख आचान, म्हणजे प्राध्यापक तवीसाक यांनी बोलावून घेतलं. हसत होते. ते हसले की मला आधी माझी पर्स कुठे आहे ते बघावंसं वाटतं.

"निम, मासिकाच्या विशेषांकाची मुदत एकोणीस तारखेची आहे. मे महिन्यात करारांची बैठक. पेपर परीक्षणाला घेतला, एवढं संपादकाचं पत्र दाखव, तुझी पुढची चार वर्षं पक्की. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

"आणि सोंगक्रानच्या, नव्या वर्षाच्या सुट्या?"

"सुटीत तर लिहायला वेळच वेळ!" असं म्हणून त्यांनी स्वतःचं चियांगमाईचं तिकीट मला दाखवलं.

पेपर बराचसा तयार आहे. प्लाऱ्याची, म्हणजे खारवून मुरवलेल्या कच्च्या माशाची मडकी, त्यातलं मीठ, मासा मुरवायचे दिवस, आणि इतकं करूनही त्यात जिवंत राहणाऱ्या यकृतकृमीच्या अळ्या. गावोगाव फिरून मडक्यांतले नमुने मी आणले, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून अळ्या ओयने मोजल्या. ओय माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणून पी ओय. अकरा वर्षं आम्ही एका खोलीत बसतो. पहिलं नाव माझं, दुसरं तिचं, असं आमचं ठरलेलं आहे. तिची नोकरी कायम आहे, तिला या पेपराची गरज नाही. गरज नसताना माणूस इतका राबतो तो कशासाठी, हे मला अजून उमगलेलं नाही.

३ एप्रिल, बुधवार

कॅन्टीनमधल्या पा लेकने, म्हणजे लेकमावशीने, आज पुन्हा मला भात कमी वाढला. तवीसाकांना जास्त वाढला. हे फक्त नोंद म्हणून.

खरी गोष्ट दुसरीच. ओयचा फोन वाजला आणि ती उठून बाहेर गेली. ती खोलीतच फोनवर बोलते. इतकी मोठ्याने बोलते की तिच्या घटस्फोटाची सगळी हकीगत आमच्या शिपायालाही पाठ आहे. आज मात्र व्हरांड्यात, तोंडावर हात धरून. मी पाण्याची बाटली भरायला गेले. कानावर आलं ते असं: "हो, सकाळी उपाशी पोटीच येते. नाही, अजून कुणालाच सांगितलेलं नाही."

मला बघताच म्हणाली, "बहीण गं."

बहिणीशी ती आमच्या इसान बोलीत बोलते, निम्म्या शिव्या घालून. आज बोलत होती बँकॉकच्या बातम्यांसारखी शुद्ध, वर प्रत्येक वाक्याला आदरार्थी शेपूट. बहीण नव्हती. आणि उपाशी पोटी कोण कुणाला भेटायला जातं?

मी काही विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो.

५ एप्रिल, शुक्रवार

ओयची घाई सुरू झाली आहे. "सोंगक्रानच्या आधी संपवून टाकू या, निम." या देशात आजवर कुणी कुठलंही काम सोंगक्रानच्या आधी संपवलेलं नाही. मुदत एकोणीसची असताना हिला बारा तारीख कशाला हवी?

वर म्हणते, "संपादकांशी पत्रव्यवहार तुझ्याच पत्त्यावर ठेव. माझा पत्ता टाकू नकोस. माझ्याकडून उत्तर जाईल न जाईल."

"का बरं? कुठे चालली आहेस?"

"कुठे जातेय! इथेच आहे." आणि दंड खाजवत बसली. हल्ली सारखी खाजवते. बोलताना माझ्याकडे बघत नाही, खोलीतसुद्धा काळा चष्मा. डोळे आलेत म्हणे. आले असतील. पण डोळ्याला डोळा भिडवायचा नसला की चष्मा फार सोयीचा.

९ एप्रिल, मंगळवार

दुपारी दोघी पा लेककडे. खलबत्त्यात कोशिंबिरीची कच्ची पपई कुटता कुटता पा लेकने सवयीने प्लाऱ्याची पळी उचलली, तर ओय म्हणाली, "मला नको, पा. नुसतं लिंबू घाल."

पा लेकचा हात तसाच राहिला. "काय गं आचान? बँकॉकवाली झालीस की काय?"

"झाले एकदाची."

"मग माझ्याकडे कशाला येतेस? जा, थंडगार हवेत बसून खा!"

सगळे हसले, ओयही हसली. मी नाही हसले. पेपरात 'प्लारा शिजवूनच खावा' असं ठासून लिहायचं आणि दुपारी कच्चाच ओरपायचा, हे आमच्या अख्ख्या विभागाचं पाप आहे. त्यात ओय सगळ्यांच्या पुढे. वास हवा तर कच्चाच, शिजवलेला म्हणजे आजारी माणसाचं खाणं, असं ती विद्यार्थ्यांसमोर म्हणायची. आणि आज नुसतं लिंबू! तेही निम्मं टाकून उठली. एखाद्या मोठ्या माणसात ऊठबस सुरू झाली की माणसाला आधी घरच्या वासाची लाज वाटते. हा मोठा माणूस कोण, तेवढं शोधायचं आहे.

१० एप्रिल, बुधवार

ओय अर्धा दिवस गायब. तवीसाकांना सांगून गेली म्हणे, आधी देवळात आणि मग आम्फोच्या, तालुक्याच्या सरकारी कचेरीत. दुपारी आली ती मनगटाला पांढरा दोरा बांधून. शेजारच्या जिल्ह्यातल्या कुठल्या लुआंगफोंकडे, वयोवृद्ध भिक्खूंकडे जाऊन आली. देवळाचं समजू शकते, पण कचेरीत काय? जमीन? घर? पैसा कुठून आला?

संध्याकाळी बॅग भरताना आपणहून म्हणाली, "निम, नवी सुरुवात करायची तर ती पुण्याच्या कामाने करावी, नाही का?"

"कसली नवी सुरुवात?"

"सांगेन. आधी आईला सांगायचंय." आणि निघून गेली. सत्तेचाळिसाव्या वर्षी आईला आधी सांगायची गोष्ट म्हणजे दुसरं लग्न. मला दोन मिनिटं खूप हलकं वाटलं. मग आठवलं की लग्न ठरलेली बाई मिठाई वाटते, तोंड लपवत नाही.

११ एप्रिल, गुरुवार

सापडलं.

ओय प्रयोगशाळेत होती. आमच्या खोलीतला प्रिंटर आपला आपण घरघरला आणि त्यातून एक पान बाहेर आलं. आमच्या पेपराचं पहिलं पान. वर आमचंच शीर्षक. पहिलं नाव माझं. दुसरं नाव, 'वारिसरा सीहानाम'.

ओयचं नाव नाही. ओय हे घरचं नाव, कागदोपत्री ती लामदुआन थोंगखाम. दारावरच्या पाटीवर तेच आहे, पगाराच्या कागदावर तेच. पानावर लामदुआन नाही, थोंगखामही नाही. तिच्या जागी ही कोण वारिसरा, आणि खाली पत्ता आमच्याच विभागाचा!

विद्यापीठाच्या यादीत बघितलं, नाही. इंटरनेटवर बघितलं, एक अक्षर नाही, एक फोटो नाही. नाव तरी कसलं! संध्याकाळच्या मालिकेत सासूला जिन्यावरून ढकलणारी श्रीमंत सून. वय पंचवीसच्या वर नसणार.

हा बाजार मला ठाऊक आहे. पेपर तयार असतो, त्यावर नावाची एक जागा विकायची. घेणाऱ्याला बढती, विकणाऱ्याला पैसे. दुसऱ्या एका विद्यापीठात गेल्या वर्षी असे पकडले गेले, सगळ्यांची चौकशी झाली, आणि ज्यांना काही माहीत नव्हतं तेही त्यात भरडले गेले. ओयने स्वतःची जागा विकली आहे. उपाशी पोटी भेटणारं, शुद्ध भाषेत बोलायला लावणारं, पपईत नुसतं लिंबू घालायला शिकवणारं गिऱ्हाईक! उद्या उघडकीस आलं तर ओयची नोकरी कायम आहे, ती तरून जाईल. मी करारावर आहे. पेपरावर पहिलं नाव माझं आहे. फास माझ्याच गळ्याला लागणार.

पान होतं तसं परत ठेवलं. ओय आली, तिने ते उचललं, बराच वेळ बघितलं आणि देवळातली चिठ्ठी जपतात तसं घडी करून पर्समध्ये ठेवलं. मग मला म्हणाली, "छान दिसतंय, नाही?"

"काय?"

"आपलं शीर्षक गं."

अकरा वर्षं. तिच्या नवऱ्याने घर सोडलं तेव्हा हिला महिनाभर रोज मी घरी सोडत होते. रडू येतं आहे, आणि त्याचाही राग येतो आहे.

१४ एप्रिल, रविवार

घरी, रोई एतला. सकाळी आईच्या हातांवर सुगंधी पाणी घातलं, वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागितली. आईने पाठीवर ओला हात ठेवून आशीर्वाद दिला, "देवा, हिचा संशय कमी होऊ दे. आणि पगार वाढू दे."

लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी अंगणात बसले होते. येणारंजाणारं प्रत्येक पोर बादली रिकामी करतं. शब्द मोजायचे की पाणी चुकवायचं?

"ओय नाही आली या वर्षी?" आईने विचारलं. ओय दर सोंगक्रानला दुसऱ्या दिवशी येते, आईच्या हातावर पाणी घालते आणि आमच्याच मडक्यातला प्लारा खाऊन जाते.

"तिच्या आईकडे गेलीय."

"बरी आहे ना? मागे आली तेव्हा वाळलेली दिसली."

"तिला काय धाड भरलीय!"

"विचारलंस का?"

"विचारायचं काय त्यात, आई?"

"लहानपणी भावाच्या ताटातली शितं मोजायचीस, त्याला जास्त वाढलं का बघायला. पण 'आई, मला अजून दे' असं म्हणाली नाहीस कधी." मग आई शेजारणीकडे वळली. या शेजारणीचं घरचं नाव कोंबडी. गावभर तिला त्याच नावाने हाक मारतात. गेल्या वर्षी मोठ्या दुखण्यातून उठली आणि लुआंगफोंनी तिचं कागदावरचं नाव बदलून दिलं. "आता ती कन्यारत आहे म्हणे!" आई म्हणाली. "दवाखान्यात कन्यारत, बँकेत कन्यारत. मी आपली कोंबडीच म्हणते. अगं ए कोंबडे, ये, पाणी घालून घे!"

मला या गावगप्पांत रस नव्हता. मी संदर्भांची यादी लावत होते.

१७ एप्रिल, बुधवार

ओयचे अखेरचे तक्ते आले. बिनचूक आहेत. त्याचंच तर भय वाटतं.

सोबत निरोप: "निम, माझ्या नावाबद्दल एक गोष्ट तुला समोर बसून सांगायची आहे. शुक्रवारी सकाळी येते. मी येईपर्यंत पेपर पाठवू नकोस. तेवढं ऐक माझं."

शुक्रवारी! म्हणजे मुदतीच्याच दिवशी. म्हणजे मला तपासायला, कुणाला विचारायला, नाही म्हणायला वेळच उरू नये. मसुद्याची फाईल उघडून बघितली. दुसरं नाव तिने आधीच बदलून ठेवलं आहे. वारिसरा सीहानाम.

इतकी का मी भोळी दिसते?

१८ एप्रिल, गुरुवार

पाठवला.

कर्सर त्या नावाच्या शेवटी ठेवला आणि मागे मागे आणत एकेक अक्षर पुसलं. मग लामदुआन थोंगखाम लिहावं असं क्षणभर आलं मनात. पण जी स्वतःचं नाव विकते तिचं नाव मी कशाला सांभाळू? एकटीच्या नावाने पाठवला. शेवटी 'प्रयोगशाळेतील मदतीबद्दल आभार' एवढी ओळ घातली, नाव न घेता. तेही पुष्कळ झालं.

नंतर विद्यापीठाच्या संशोधन-नीती समितीला पत्र लिहिलं. लामदुआन थोंगखाम यांनी वारिसरा सीहानाम नावाच्या बाहेरच्या व्यक्तीला पेपरावरची जागा विकण्याचा प्रयत्न केला. पुरावा म्हणून प्रिंटरमधल्या पानाचं वर्णन केलं. खाली सही नाही केली. मुख्य इमारतीतल्या पेटीत टाकलं आणि बाहेर येऊन थंडगार चहा प्यायले. चहाला चव नव्हती. हल्ली त्यात पाणी घालतात.

१९ एप्रिल, शुक्रवार

ओय आलीच नाही. फोन बंद. सुगावा लागला असणार. मुदत संपली आणि ती आली नाही, यातच सगळं आलं.

तिच्या खुर्चीवर तिचा स्वेटर आहे. खोलीतला एसी फार गार असतो म्हणून ठेवलेला. मी तो उचलून कपाटात टाकला.

२३ एप्रिल, मंगळवार

संपादकांचं पत्र आलं. पेपर परीक्षणाला घेतला! तवीसाकांनी पत्र दोनदा वाचलं.

"एकटीचं नाव? वा! आणि ओय?"

"तिला गरज नव्हती."

"तेही खरंच. बिचारी दवाखान्यात आहे, समजलं ना? शुक्रवारपासून. तिच्या आईचा फोन होता."

मला हसू आलं. समितीची चिठ्ठी हातात पडली की आमच्याकडे निम्मे लोक आजारी पडतात. समितीचं कामकाजही या आठवड्यातच सुरू झालं आहे. तवीसाकांना म्हटलं, उद्या भेटून येते. फळं घेऊन जाईन आणि खाट रिकामी असली की त्याचीही नोंद करीन.

२४ एप्रिल, बुधवार

क्रमाने लिहिते, नाहीतर लिहून होणार नाही.

दवाखान्यात खिडकीपाशी विचारलं, "लामदुआन थोंगखाम, कुठल्या वॉर्डात?"

मुलीने शोधलं, पुन्हा शोधलं. "या नावाचं कुणी दाखल नाही हो."

"नक्की?"

"नक्की. शुक्रवारपासूनचं सगळं बघितलं."

लिहायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. संत्र्यांची पिशवी उचलून मी वळले, तेवढ्यात आतून नर्सने हाक दिली, "वारिसरा सीहानाम यांच्याबरोबर कोण आहे?"

मी मागे फिरले. एक म्हातारी बाकावरून उठली, गावचं सुती लुगडं गुंडाळलेली. मला काय सुचलं असेल? मी मोबाईलचा कॅमेरा सुरू केला. गिऱ्हाईक आपण होऊन हाती लागलं होतं. म्हातारीच्या मागे दबक्या पावलांनी वॉर्डात शिरले, मोबाईल छातीशी धरून. म्हातारी कोपऱ्यातल्या खाटेशी थांबली. खाटेवर ओय होती.

हळदीसारखी पिवळी. चष्मा नव्हता. डोळेही पिवळे. पोटातून एक नळी काढून बाजूच्या पिशवीत सोडलेली.

"निम!" ती म्हणाली. "कसं शोधलंस गं? नवं नाव तर मी तुला सांगितलंच नव्हतं."

मी मोबाईल पिशवीत टाकला. तो सुरूच होता, घरी येऊन बघितलं तर त्यात नुसती संत्री आहेत आणि आवाज.

पित्तनळीत गाठ आहे. मार्चपासून तपासण्या चालल्या होत्या. "कृमी," ओय म्हणाली. "डॉक्टर मला समजावून सांगत होता, प्लारा कच्चा खाऊ नये! मला! मी म्हटलं, बाळा, लिहून देऊ का तुला?" हसताना तिला कळ आली. लुआंगफो म्हणाले, या नावाचे भोग भोगून झाले, नवं नाव घे. आडनाव नवऱ्याचं होतं, तेही तिने टाकलं आणि आईचं लावलं. लामदुआन हे नाव आईने ठेवलेलं. म्हणून सोंगक्रानला आईच्या हातावर पाणी घालून आधी तिची क्षमा मागायची, मग बाकीच्यांना सांगायचं.

"आजाराचं तरी बोलायचंस, पी ओय."

"तुझी मुदत होती ना गं. तुझ्या डोक्याला आणखी कशाला? शुक्रवारी दोन्ही सांगणार होते, तर आदल्या रात्री तापच भरला." मग तिने माझा हात धरला. "पेपर गेला ना? लुआंगफो म्हणाले, नव्या नावाचं पहिलं काम पुण्याचं असू दे. म्हटलं, माझ्याकडे तर तयारच आहे! हा वाचून एका घरात जरी प्लारा शिजवून खाल्ला तरी झालं. फाईलमध्ये नाव घालून ठेवलं होतं मी. दिसलं ना?"

"दिसलं."

"गेला ना?"

"गेला."

"मग झालं तर," म्हणाली आणि डोळे मिटले. तिच्या आईने माझ्याच संत्र्यांतलं एक सोलून माझ्या हातावर ठेवलं, आणि मला ते खावं लागलं.

२५ एप्रिल, गुरुवार

संपादकांना लिहिलं, एक नाव चुकून राहिलं आहे, कृपया घालावं.

तासाभरात उत्तर. पेपर पाठवून झाल्यावर, आधी कुठेही काही न छापलेल्या व्यक्तीचं नाव घालण्याची विनंती येणं ही संशयास्पद बाब आहे. अशी नावं बहुधा विकत घेतलेली असतात. आपल्या विद्यापीठाकडे चौकशी करावी काय? नाव घालायचंच असेल तर पेपर मागे घ्यावा आणि डिसेंबरच्या अंकासाठी नव्याने पाठवावा.

संपादकबाई हुशार आहे. तिच्या जागी मी असते तर अगदी हेच लिहिलं असतं.

डिसेंबरमध्ये माझा करार संपलेला असेल. ओयच्या पेपराला वेळ आहे, पण ओयला आहे का, कुणाला माहीत? आणि तसाच राहू दिला तर? ओय कुठे बघायला जाणार आहे, असा विचार मी आज केला. तीन-चारदा केला. इथे लिहून ठेवते.

२६ एप्रिल, शुक्रवार

समितीपुढे स्वतःच गेले. अध्यक्षबाई म्हणाल्या, "बरं झालं आलात. आम्ही या वारिसरा सीहानामना शोधतो आहोत. आपण ओळखता?"

"अकरा वर्षं."

सगळं सांगितलं. पत्र मी लिहिलं, नाव मी पुसलं, जागा कुणी विकली नाही, आणि पेपर आता मागे घेते आहे. आम्फोच्या कचेरीतला नाव बदलल्याचा दाखला ओयच्या आईने दिला होता, तो पुढे ठेवला. तवीसाक कोपऱ्यात बसले होते. बाहेर आल्यावर त्यांनी मला गाठलं.

"पेपर मागे घेतलास तर बैठकीत मला काहीही करता येणार नाही, निम."

"ठाऊक आहे."

"प्रकरण मिटलंय. ओय काही म्हणणार नाही, तिचा स्वभाव तू जाणतेस."

"म्हणूनच," म्हटलं.

खोलीत येऊन मागे घेण्याचं बटण दाबलं. 'आपली खात्री आहे का?' असं विचारतात. दोनदा विचारतात. मग डिसेंबरचा अर्ज भरला. पहिलं नाव वारिसरा सीहानाम, दुसरं माझं. टेबलावर डोकं ठेवून रडले. नोकरीसाठी रडले की ओयसाठी, ते मला नीट सांगता येणार नाही. मग कपाटातून तिचा स्वेटर काढला. दवाखान्यातही एसी असतो.

२९ एप्रिल, सोमवार

उद्या शस्त्रक्रिया. आईला चहाला पाठवून ओयने मला खाटेजवळ बसवलं. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "समितीचा फोन आला होता मला गुरुवारी. पत्र वाचून दाखवलं त्यांनी. वारिसरा कोण ते न सांगता मी फोन ठेवला."

मी खाटेवरची चादर सरळ करू लागले.

"ते पान आपल्या खोलीतल्या प्रिंटरमधून निघालं होतं. खोलीत आपण दोघीच बसतो, निम."

"पी ओय, मी..."

"शुक्रवारी तू काय केलंस तेही कळलंय. तवीसाकांना कुठलीही गोष्ट पोटात राहत नाही." तिने स्वेटर अंगावर ओढून घेतला. "रागावले होते. दोन दिवस जेवण गेलं नाही. म्हटलं, तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं?"

"काय?"

"मी तुला विचारलं असतं."

आवाज चढलेला नव्हता. त्या पत्राला, पेटीला, सगळ्याला माझ्याकडे उत्तर होतं, गेले तीन दिवस मी ते पाठ करत होते. ते मी तिथेच सोडून दिलं. नर्स आली, पिशवी बदलून गेली. ओय खिडकीकडे बघत होती आणि तिचा जबडा घट्ट मिटलेला होता. मी तो रोज बघत आले होते, फोनवर बोलताना, खाजवताना, पपई निम्मी टाकून उठताना.

"पी ओय," मी म्हटलं, "दुखतंय का?"

तिने माझ्याकडे बघितलं. आता ती 'नाही गं' म्हणणार, सगळ्यांना म्हणते तसं, हे मला ठाऊक होतं.

"हो," ती म्हणाली. "खूप दुखतंय."